तांबड्या फडक्यातला उमराव

पुतणीचं पत्र येऊन आता दीड महिना होत आला होता, आणि गंगाधरपंतांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र साधंच होतं. ‘काका, सहावा अध्याय इथेच संपतो. उमराव म्हणतो, लाज ही नुसती सवय आहे. ती विधवा मेणबत्ती उचलून उभी राहते, आणि पुढे पानच नाही. ती काय करते?’ खाली, जाता जाता लिहावं तशा आणखी दोन ओळी होत्या. ‘इथल्या मुलींच्या शाळेत मला शिकवायला बोलावलंय. दिवाळीनंतर रुजू व्हायचं. सासूबाई म्हणतात, विधवेनं नोकरी करणं म्हणजे लाज सोडणं. तुम्हांला काय वाटतं?’

पंतांना आधी वाटलं ते एवढंच, की धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

सगळं त्या तांबड्या फडक्यामुळे झालं. साताऱ्याच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलेले पंत फ्रेंच शिकले ते कोश पुढ्यात घेऊन, कुणालाही न सांगता. पेन्शनीत गेल्यावर त्यांनी भाषांतराला घेतली दीडपावणेदोनशे वर्षांपूर्वीची एक कादंबरी. त्या काळी तिकडे असे लेखक पुष्कळ निघाले. पाप ठरवलं कुणी, निसर्गाने दिलेलं सुख माणसाने का नाकारावं, असं बेधडक विचारणारे, आणि विचारता विचारता शेजघराचं दार उघडं टाकणारे. वाचताना पंतांच्या कानाच्या पाळ्या लाल होत, पण पुस्तक काही खाली ठेववत नसे.

असलं भाषांतर घरात ठेवायचं कुठे? युद्धामुळे कागद मिळेना, म्हणून जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर लिहिलेला तो गठ्ठा त्यांनी पोथीसारखा तांबड्या फडक्यात बांधला आणि देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवला. आंघोळ केल्याशिवाय पोथीला हात कोण लावणार?

आषाढात पुतणी प्रमोदिनी सांगलीहून आली. तिच्या सासूला, अंबूबाईंना, चातुर्मासात ऐकायला पोथी हवी होती. पंतांच्या पत्नी शकुंतलाबाईंनी आंघोळ करून, नमस्कार करून, नेमकं तेच बासन तिच्या पिशवीत घातलं.

अंबूबाईंना वाचता येत नव्हतं. प्रमोदिनीला पहिल्याच पानावर कळलं असणार. तरी ती रोज दुपारी, सासू आणि आळीतल्या बायकांपुढे वाचत राहिली होती. हे मनात आलं की पंतांना दरदरून घाम फुटे.

सातवा अध्याय त्यांनी केलाच नव्हता. सहा अध्याय उमराव बोलतो, आणि असं बोलतो की खोडून काढता येत नाही. शेवटी विधवेच्या वाट्याला येतात ती जेमतेम दोन वाक्यं. मग लेखक नक्की कुणाच्या बाजूचा? पंतांना ते काही ठरवता येईना. आणि आपल्यालाच जे कळलं नाही ते पोरीला काय सांगायचं? शाळेत जा म्हणावं, तर उमरावाचं ऐकून म्हणाल्यासारखं होईल. जाऊ नको म्हणावं, तर तिचा जन्म माजघरात जाईल.

अशात एका दुपारी मानसिंग दारात उभा राहिला. उंब्रजचा हा त्यांचा जुना विद्यार्थी सातारा-सांगली सर्व्हिस मोटार चालवायचा.

“मास्तर, हायसा का घरात?”

“ये रे. मोटार काय म्हणतीय?”

“प्येट्रोल कुटलं आता, कोळशावर चालतीया न्हवं, गाभण म्हशीवानी! आवं, सांगलीच्या अंबूआज्जींचा निरोप हाय. दमच दिलाय म्हातारीनं.”

पंतांचा चेहरा उतरला. “काय म्हणाल्या?”

“पोथी अर्धी ठिवली तर घराला दोष लागतो, म्हणाल्या. कार्तिकात उद्यापन करायचंय. शेवटचा अध्याय मास्तरनं दाबून ठिवलाय, तेवडा धाडा म्हणावं.”

“अरे, पण ती पोथी...”

“पोथी न्हाई, आसंच न्हवं? म्हातारीला ठावं हाय की! म्हणती, सहा अध्यायांत देव एकदाबी आला न्हाई, पर लय मजा आली.”

शकुंतलाबाई हातातलं काम टाकून बाहेर आल्या. “म्हणजे? मी दिली ती पोथी नव्हती? मग काय होतं हो?”

“फ्रेंच होतं,” पंत पुटपुटले.

“अगं बाई! आणि मी रोज फूल वाहत होते त्याला!”

मानसिंग मांडीवर थाप मारून हसला. “आनि त्या उमरावाचं म्हणाल्या, गडी बोलतो ग्वाड. पर त्याची उष्टी भांडी कोण घासतंय, ते सांगत न्हाई. आनि त्या बाईला काय पायजे, ते एकदा तरी इचारलं का त्यानं?”

पंत उठले. मूळ पुस्तक काढून त्यांनी शेवटचं पान उघडलं. विधवा म्हणते, ‘माझ्या लाजेबद्दल आपण इतकं बोललात, माझ्या इच्छेबद्दल अवाक्षर नाही. लाज टाकायचीच झाली, तर ती मी आपल्यासाठी का टाकावी?’ मग मेणबत्ती उमरावाच्या हातात देऊन ती अंधारातच जिना उतरते आणि शहराची वाट धरते. पंतांना आजवर ही माघार वाटत आली होती. आता दिसलं, की लेखकाने सगळे शब्द उमरावाला दिलेत आणि दार त्या बाईला. त्यांना एकट्यालाच हसू आलं.

“मानसिंग, अंबूबाईंना सांग, अध्याय येतोय.”

“लिवा की. उंद्या न्हेतो मीच.”

“नको. पत्राचं उत्तर टपालानंच जाऊ दे.”

त्यांनी सातवा अध्याय शकुंतलाबाईंना वाचून दाखवत पुरा केला. शेंगा फोडता फोडता त्या मध्येच म्हणाल्या, “इथे ‘पश्चात्ताप’ कशाला? तिला कुठे झालाय?” पंतांनी पुस्तकात पाहिलं. खरंच नव्हता. तो त्यांच्याच पदरचा होता. त्यांनी खोडला.

सोबत पत्र लिहिलं. ‘चि. प्रमोदिनीस अनेक आशीर्वाद. लाज ही सवय आहे, एवढं उमरावाचं बरोबर असावं. बाकीचं मला अजून नीट कळलेलं नाही. मला विचारशील तर शाळेत जा. सासूबाईंना हा अध्याय मोठ्याने वाचून दाखव. त्यांनी उमरावाला विचारलेला प्रश्न फार चांगला आहे. तो त्यांनी तुलाही विचारावा, अशी माझी विनंती आहे म्हणून सांग. उद्यापनाला आम्ही दोघं येतो.’

पोस्टातल्या कारकुनाने पाकीट काट्यावर टाकलं. “जाड आहे, गुरुजी. आत काय?”

एरवी पंत ‘काही नाही’ म्हणाले असते. “कादंबरी,” ते म्हणाले. “फ्रेंच. मराठीत मी केलीय.”

“असं होय. मग अजून एक तिकीट लागेल.”

पंतांनी तिकीट चिकटवलं, अंगठ्याने नीट दाबलं आणि पाकीट पेटीत सोडलं.