तांब्याच्या पेटीतल्या ठिणग्या

सन २०१८. आमच्या धैर्यशीलनं उद्यमनगरातल्या कारखान्यात एका प्रयोगशाळेसाठी तांब्याची पोकळ पेटी बनवली होती. तिच्यात विजेच्या जोरावर कणांना वेग देतात. आतून ती आरशासारखी गुळगुळीत असावी लागते. ओरखडा राहिला, तर वीज तिथून भरकटते आणि ठिणगी पडते.

चाचणीत ठिणग्या पडल्याच. काम परत आलं असतं, तर असलं काम त्याला पुन्हा कुणी दिलं नसतं. पोरगं जेवेना. दुपारी प्रयोगशाळेतल्या संयोगिताबाईंचा फोन आला, तो त्यानं स्पीकरवर टाकला.

"पेटी उघडून बघितली. ओरखडा एकही नाही. पण आत लाल कण आहेत. काय लावलंत?"

धैर्यशीलनं वडलांकडं बघितलं. आमचे हे म्हणाले, "नवं काम बिनपूजेचं धाडायचं व्हय? चिमूटभर कुंकू टाकलं की आत."

"आबा, नारळ बी फोडायचा की त्यात!"

बाई फोनवर खो खो हसल्या. "आम्ही धुऊन घेतो. काम उत्तम झालंय."

धैर्यशील तेव्हा कुठं ताटावर बसला.

धुतल्यावर ठिणग्या थांबल्या. ती पेटी अजून चालते. संयोगिताबाई निवृत्त होऊन नाशकात राहतात. धैर्यशीलला तसली आणखी कामं मिळाली. हे ऐंशीचे झालेत. रोज कारखान्यावर जातात, पण पोरगं त्यांना नव्या कामाजवळ एकटं सोडत नाही.