तांदळातली तीन बोटं

मित्रांनो, मी एक जुनी तंबाखूची डबी आहे. मला दोन तोंडं आहेत. एकात तंबाखू आणि कातरलेली सुपारी, दुसऱ्यात चुना. तोंडं दोन असूनही मला बोलता येत नाही. म्हणून घडलं ते आजवर कुणाला सांगता आलं नाही.

लालबागच्या एका गाळ्यात मला पत्र्यातून ठोकून काढलं. तिथून मी काळाचौकीच्या चाळीत राहणाऱ्या माधवरावांच्या खिशात आले. ते गोदीत कारकून होते. बत्तीस वर्षं मी त्यांच्या छातीशी राहिले. मला मान होता. अनोळखी माणूसही "चुना आहे का?" विचारायचा आणि मित्र होऊन जायचा. मला वाटे, मी फार गुणाची आहे.

माधवराव निवृत्त झाले आणि त्यांना तिखट झोंबू लागलं. डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं. निरोगी तोंडात तीन बोटं उभी मावतात. त्यांच्या तोंडात दोनच मावली.

"आता सोडा. नाहीतर एक दिवस चमचाही आत जाणार नाही," डॉक्टर म्हणाले.

तेव्हापासून त्यांची पत्नी कालिंदीबाई दर रविवारी तीन बोटं पुढे करून उभ्या राहत. "आ करा. दोनच! घास कसा जायचा हो पुढे?"

सोडायचं माधवरावांनी पुष्कळदा ठरवलं. पण सकाळी माझ्याशिवाय पोट साफ होत नसे. शेजारचे हेरंब हात पुढे करत, त्यांना नाही म्हणवत नसे. शिवाय आईची शिकवण होती, डबी रिकामी ठेवू नये. म्हणून ते शेवटची चिमूट माझ्यात राखत. दरवेळी त्या चिमटीनेच घात केला.

"अहो, ते कुंकवाच्या करंड्याचं सांगितलंय, तंबाखूच्या डबीचं नाही!" कालिंदीबाई वैतागत.

मग ते दुपारी झोपले की त्या मला तांदळाच्या डब्यात पुरत. त्या डावखुऱ्या होत्या. डाव्या हाताने मला खाली दाबायच्या आणि वरचे तांदूळ तीन बोटांनी सारखे करायच्या. तीन रेघा उमटायच्या. त्या रेघा पाहूनच माधवराव मला शोधून काढायचे.

मागच्या श्रावणात कालिंदीबाई गेल्या. हृदय थांबलं. "आ करा" म्हणणारं कुणी राहिलं नाही. माझं काम दुपटीने वाढलं.

आणि एका दुपारी मी खिशातून नाहीशी झाले. सापडले तांदळाच्या डब्यात. वर तीन रेघा होत्या.

माधवरावांनी मुलीला, वैदेहीला, ऑफिसात फोन लावला. "डबी तू लपवलीस?"

"बाबा, मी आठलाच निघाले. आणि दुपारी दाराला आतून कडी कोण लावतं?"

कडी त्यांनीच लावली होती. फोन ठेवून ते ती पुन्हा पाहून आले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. तांदळात हात घालण्याआधी ते रेघा मोजायचे. तरी ते मला बाहेर काढायचेच.

मला सगळं ठाऊक होतं. माधवराव मिटल्या डोळ्यांनी उठत. उजव्या हाताचा माणूस, पण मला डाव्याने उचलत. कालिंदीबाई चालत तसे, एक पाय किंचित ओढत डब्याशी जात. तांदूळ तीन बोटांनी सारखे करत आणि परत जाऊन निजत. हात त्यांचा होता. रीत त्यांची नव्हती. मी पत्र्याची, तरी मला भीती वाटे.

एकदा जाग आल्यावर त्यांनी डावा हात पाहिला. तळव्याला तांदळाची पांढरी पूड होती. नखात एक कणी अडकली होती.

"म्हणजे मीच," ते म्हणाले. मग डब्याशी जाऊन तीन रेघांकडे पाहत हळूच म्हणाले, "की तू?"

त्यांनी शेवटची चिमूटसुद्धा झटकली, चुना खरवडला, मला घासून पुसलं. पण रिकामी कशी ठेवणार? म्हणून माझ्यात तांदूळ भरले. तलफ आली की दोन दाणे दाढेखाली धरायचे. पहिले आठ दिवस वाईट गेले. पोट अडायचं, तेव्हा गरम पाणी पिऊन गॅलरीत येरझाऱ्या. दोनदा ते पानवाल्यापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्यांदा पुडी घेऊनच आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकपासून दिवस मोजायला लागले.

"डबी काढा हो," हेरंब म्हणाले.

"तांदूळ आहेत तीत."

"तांदूळ? कुणाचं लग्न लावताय?"

माधवराव हसले. कितीतरी महिन्यांनी.

परवा डॉक्टरांनी तपासलं. "दोनच आहेत. पण दोनाची दीड झाली नाहीत. असंच चालू ठेवा."

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी कुणाची डबी लपवत असेल, तर त्या माणसावर चिडू नका. ते माणूस जवळ आहे तोवर त्याचं ऐका. नंतर ऐकलं तरी चालतं, पण फार जड जातं.

आता माधवराव दुपारी झोपत नाहीत. काल तीन वाजता ते गॅलरीत हेरंबांशी बोलत होते. वैदेही ऑफिसात होती. मी फळीवर होते. कुणीतरी मला डाव्या हाताने उचललं. झाकण उघडलं. आतले तांदूळ पाहिले.

या वेळी मला लपवलं नाही. होते तिथेच ठेवलं.