समेवर आलेला घोडा

आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डच्या मराठी मंडळात ढोलकी मुकुलची, हे आरतीइतकंच ठरलेलं होतं. वीणाच्या वाट्याला झांज. साताऱ्यात मावशीकडे ती चांगली घोटून घोटून ढोलकी शिकली होती, पण इथे ते कुणी विचारलं नाही आणि तिनेही तोंड उघडलं नाही. स्वतःच्या त्या मुकाटपणाचाच तिला संताप यायचा. एकदा, एकदाच चारचौघांत वाजवायचं, एवढीच तिची इच्छा होती.

मग फिल्म क्लबच्या नूलाने मंडळाला साकडं घातलं. शंभर वर्षांपूर्वीचा अमेरिकन मूकपट दाखवायचा होता. घोडे, दरोडेखोर, धुरळा, सगळा मसाला. दिग्दर्शन क्लारा हॉब्स नावाच्या बाईचं, पण पडद्यावर नाव नुसतं कंपनीचं. पियानोवाला मिळाला होता, घोड्यांच्या टापा वाजवायला कुणीतरी हवं होतं. पोस्टर लागलं: 'मुकुल आणि मित्रमंडळी'. वीणा मित्रमंडळीत. नूलाने पाठवलेला तो मूकपट तिने पोळ्या लाटताना इतक्यांदा पाहिला, की तिची बोटं पोळपाटावर आपोआप दौडायची.

शनिवारी दुपारी तालीम झाली. मुकुलचा हात छान, त्यात वादच नाही. पडद्यावर पोस्टमास्तरची मुलगी चोरांच्या मागे सुटली आणि याने झोकात तिहाई उचलली. एकच बोल तीनदा वाजवून समेवर यायचं. मध्येच सोडणं त्याच्या तालमीत बसत नव्हतं. कड्याशी घोडा थांबला, चोरांनी हात वर केले, मुलगी पाणीसुद्धा प्यायली, तरी मुकुल तिसऱ्या फेरीतच. क्लबातली माणसं पोट धरून हसली.

"घोडा चुकीच्या जागी थांबतोय," मुकुल म्हणाला.

"तो शंभर वर्षं तिथेच थांबतोय," वीणा म्हणाली. "मी ट्राय करू?"

"अगं, पोस्टर छापून झालंय."

"लेट हर हॅव अ गो, मुकुल," नूला म्हणाली. "नेव्हर माइंड द पोस्टर."

मुकुलने ढोलकी सरकवली. तोंड एवढंसं करून त्याने झांज घेतली.

संध्याकाळी हॉल भरला. वीणाने ढोलकी मांडीवर ओढली. पडद्यावर मुलगी घोड्यावर बसली आणि वीणाने ढोलकीकडे बघणंच सोडलं. थांबायच्या आधी मुलगी लगाम डाव्या हातात घेते, हे तिला पाठ होतं. ती खूण क्लाराबाईंनी मुद्दाम ठेवली असणार, अशी तिची खात्री होती. लगाम बदलला. तिने तिहाई उचलली. पहिल्या फेरीला घोड्याची मान वळली, दुसरीला कडा दिसला, तिसरी संपली आणि घोडा बरोब्बर समेवर येऊन थबकला. हॉलमध्ये शिट्ट्या घुमल्या. मुकुलची झांजही समेवर पडली होती.

"क्या बात है," तो पुटपुटला, आणि मनापासून.

दिवे लागले. नूला पुढे आली आणि पडद्यावर जे नव्हतं ते तिने मोठ्याने सांगितलं, "डायरेक्टेड बाय क्लारा हॉब्स." टाळ्यांनी हॉल दणाणला. "अँड ऑन द ड्रम..." ती अडखळली. पोस्टरवर नाव नव्हतं, आणि आडनाव तिला ठाऊक नव्हतं.

मुकुल सांगायला वळला, पण वीणा आधीच उठली होती.

"वीणा साळवी," ती म्हणाली, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात.