वाफवलेली रानमाती

मी रानातली माती बोलतेय. आता घमेलंभरच उरलेय, पण एके काळी माझ्यावर झाडं उभी होती.

त्यांचा पाला माझ्यावर पडायचा. डोळ्यांना न दिसणारे जंतू तो कुजवून मला चारायचे. बुरशीचे पांढरे धागे मुळांना बिलगून लांबचं पाणी आणून द्यायचे, आणि झाडं त्यांना पानांत बनलेली साखर द्यायची. घर चालत होतं. कोण कमावतं, कोण खातं, हे कुणी विचारलं नाही.

मग टेकडीवरचं ते रान तोडायचं ठरलं. तोडण्याआधी रोपवाटिकेतल्या मावशीने मला पोत्यात भरून आणलं. त्याच टेकडीवर पुन्हा लावायची रोपं इथे वाढत होती. प्रत्येक पिशवीत मूठभर रानमाती, हा तिचा नेम. "विरजण आहे हे," ती म्हणायची.

मावशी लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि मी नव्या बाईच्या हाती आले. तिचं बाळ नऊ महिन्यांचं, दिसेल ते तोंडात घालणारं. एका दुपारी त्याच्या ओठांवर तिला मी दिसले. तिने मला पिंपात घालून दोन तास वाफवलं. आधी दुधाची बाटली, मग वाटी-चमचा, मग मी. सगळं एकाच मायेनं. मला बोलता आलं असतं तरी तिचा चेहरा बघून मी गप्पच बसले असते बहुतेक. चूक तिची एकटीची कशी म्हणू? विरजण कशाचं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तशीच मी पिशव्यांत गेले. दोन महिन्यांत रोपं पिवळी पडली. मावशी परतली, तिने एक रोप उपटून मुळं झटकली. पांढरा धागा एकही नाही.

"अगं, मातीला काय केलंस?"

"वाफवली. जंतू होते, मावशी."

"जंतू होते म्हणून तर आणली होती, बाई."

"मग पुन्हा आणते ना. कुठून आणायची तेवढं सांगा."

मावशीने टेकडीकडे बोट दाखवलं. तिथे नुसता मुरूम होता.

आता मी शेडबाहेर पडून आहे. बाळ माझ्यात खुशाल लोळतं, मला खातंही. बाई अडवत नाही. तिला हवी होती तशी झालेय मी: माझ्यामुळे कुणी आजारी पडणार नाही, आणि रानही उभं राहणार नाही.

रोपं घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ती विचारते, "तुमच्याकडे एखादं जुनं झाड आहे का हो?" असलं, तर त्याच्या बुंध्याजवळची मूठभर माती तिला द्या. माझ्याच्याने आता विरजणाचं काम होणार नाही.