मला निवडताना चेतना नव्हती

मित्रांनो, मी एक जुना, लहानसा लॅपटॉप आहे. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत, धोंडिराम यांच्या खोलीत, टीव्हीच्या वरच्या फळीवर माझा मुक्काम असतो. पोटातली बॅटरी फुगल्यामुळे माझं झाकण आता नीट बसत नाही. माझ्या अंगावर एक टॉवेल टाकलेला आहे. तो मायेनं टाकला असेल असं समजू नका. मी कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून तो टाकलाय, आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही.

माझा जन्म दूर परदेशातल्या कारखान्यात झाला. मला घडवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एकच गिऱ्हाईक होतं, ते म्हणजे प्राथमिक शाळेतलं पोर. म्हणून हातातून पडलं तरी फुटू नये अशा माझ्या रबरी कडा, आणि इवल्या बोटांना पुरतील अशा माझ्या इवल्या कळा. माझ्यात बाहेरचं काही भरायला गेलात तर मी साफ नकार देतो. जे काही करायचं ते इंटरनेटवर करायचं, नेट नाही तर मी ठोकळा. हे माझे दोष नव्हते हो. ज्या कामासाठी मी होतो, त्या कामात मी वाकबगार होतो. मुलांनी माझ्यावर चित्रं काढली, पाढे म्हटले, माझ्या पाठीवर पांडाचं चित्र चिकटवलं. मास्तरीण बाई मला शहाणा म्हणायच्या.

मग नवे लॅपटॉप आले आणि आम्ही सगळे जुने एका खोलीत जाऊन पडलो. तिथून आम्हाला ढिगानं विकलं गेलं. जहाजातून प्रवास करत मी मुंबईला आलो आणि घाटकोपर स्टेशनाजवळच्या एका दुकानात जाऊन बसलो. दुकानदारानं मला पुसलं, पांडा खरवडून काढला आणि काचेखाली मांडलं. दिव्याखाली मी असा काही चमकत होतो की मलाच माझा अभिमान वाटला. माझ्या शेजारी एक काळा, अवजड, कचेरीतून निघालेला जुना संगणक होता. त्याचा कीबोर्ड चांगला ऐसपैस होता, पण त्याच्याकडे कोणी बघतही नव्हतं. मी मात्र भाव खात बसलो होतो.

एका दुपारी धोंडिराम आणि त्यांचा धाकटा मुलगा मिथुन दुकानात आले. ते कशासाठी आले होते ते आधी सांगायला हवं.

धोंडिराम सफाई खात्यातून निवृत्त झालेले. वडिलांच्या मागे त्यांनी झाडू हातात घेतला होता, आणि त्यांच्या मागे त्यांच्या थोरल्या मुलानं, प्रबुद्धनं. प्रबुद्ध नोकरीत असतानाच क्षयानं गेला. त्याच्या जागी त्याच्या बायकोला, चेतनाला नोकरी मिळाली. ती बारावी झालेली असल्यामुळे हातात झाडू न येता तिला कारकुनाची खुर्ची मिळाली. त्या घरातली ती पहिली खुर्ची. पण अट अशी होती की, ठरलेल्या मुदतीत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायचं. नाही झाली तर खुर्ची गेली, मग नवऱ्याचं सफाईचं काम घे नाहीतर घरी बस. चेतनानं मुलुंडच्या एका टायपिंग क्लासमध्ये नाव घातलं होतं, पण कचेरी, घर आणि लहान मुलगी सांभाळून तिथं जाऊन धडे सुरू करणंही तिला जमलं नव्हतं. मुदत संपायच्या आत एकच परीक्षा उरली होती. म्हणून घरी सरावाला संगणक हवा होता.

चेतना त्या दुपारी कचेरीत होती. तिला चौदा एप्रिलला चकित करायचं असं बापलेकांनी ठरवलं होतं. त्यात कपट नव्हतं, नुसतं प्रेम होतं. त्या प्रेमानंच तिची वाट लावली.

"साधा, घरगुती दाखवा," मिथुन म्हणाला. तो घरोघरी पार्सलं पोचवायचं काम करतो. मोबाइलमधलं त्याला बरंच कळतं, म्हणून संगणकातलंही कळत असणार असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं, आणि त्यानंही.

"वापरणार कोण?" दुकानदारानं विचारलं. "काम काय करायचंय?"

"घरातच वापरायचाय. टायपिंग-बिपिंग, बाकी काय? हा काळा कसला डबडा आहे?"

"डबडा नाही, मजबूत आहे. कचेरीतल्या कामाला बरा."

"एवढं धूड ठेवणार कुठं? आमच्याकडे टेबल नाय. हा छोटा बघ ना पप्पा, झकास आहे. मांडीवर बसेल."

धोंडिराम काचेजवळ वाकले. "मराठी येईल का याच्यात?" त्यांनी विचारलं.

"येईल की," असं म्हणत दुकानदारानं मला उघडलं. त्यानं माझ्या इंग्रजी कळा दाबल्या, जे, ए, वाय, पुढं बी, एच, आणि माझ्या पडद्यावर मोठ्या ठसठशीत मराठी अक्षरांत उमटलं, जय भीम.

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. खिशातला रुमाल काढून त्यांनी आधी चष्मा पुसला, मग डोळे. "हाच द्या," ते म्हणाले. पुढं कोणी काही विचारलं नाही. चेतनाला एक फोन लावावा, असं दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. ती आली असती तर क्लासच्या मॅडमना विचारून आली असती, कारण ती विचारून करणाऱ्यांपैकी आहे.

जयंतीच्या दिवशी बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरींना हार घातले गेले, मेणबत्त्या लागल्या आणि मला चेतनाच्या हातात दिलं गेलं. ती बघतच राहिली. "मामा, कशाला एवढा खर्च?" ती म्हणाली. सासऱ्यांना ती मामा म्हणते.

"खुर्ची टिकली पाहिजे, पोरी," धोंडिराम म्हणाले. "बाकी मला काही नको."

मित्रांनो, त्या पोरीइतकी मेहनत मी कुणाला करताना पाहिलेली नाही. शाळेत इतकी पोरं पाहिली, पण अशी एकही नाही. सकाळी पाणी भरून झालं की मिथुन कामाला निघेपर्यंत ती मला मांडीवर घेऊन बसायची, कारण त्याच्या मोबाइलचं नेट होतं तोवरच मी जिवंत. माझ्या कळा तिच्या बोटांना फार लहान पडायच्या. एक दाबायला जावं तर दोन दाबल्या जायच्या. ती बोटं आखडून धरायला शिकली. इंग्रजी अक्षरं दाबायची आणि मराठी उमटवायचं, हे तिला इतकं अंगवळणी पडलं की डोळे मिटूनही ती लिहायची. धोंडिराम हातातल्या घड्याळाकडे बघत समोर बसायचे आणि "हां, थांब!" असं ओरडायचे. मग दोघं मिळून शब्द मोजायचे. मिनिटाला तीस शब्दांची अट होती. ज्या सकाळी तीस भरले त्या सकाळी म्हाताऱ्यानं अख्ख्या गल्लीला चहा पाजला.

क्लासच्या सुलक्षणा मॅडमनी फोनवर विचारलं, "घरी सराव चाललाय ना गं?"

"हो मॅडम, तीस येतात आता."

"छान. चालू ठेव."

कसला सराव, कशावर, हे त्यांनी विचारलं नाही आणि हिला सांगण्यासारखं त्यात काही वाटलं नाही. कचेरीत तरी कळायला हवं होतं, पण तिथं चेतनाकडे आलेल्या-गेलेल्या टपालाची नोंद होती आणि ती हातानं लिहायची.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी मुलुंडच्या क्लासमध्ये सराव परीक्षा ठेवली होती. चेतनानं मलाही पिशवीत घेतलं. ज्यावर शिकलो त्यावरच परीक्षा द्यायची, असं तिला वाटत होतं. तिथं जाऊन बघतो तर रांगेनं मोठे काळे संगणक, त्यांचे रुंद कीबोर्ड, आणि सगळीकडे कळांचा कडकडाट. मला पाहून सुलक्षणा मॅडम थबकल्या.

"हे काय आणलंस?"

"माझा लॅपटॉप, मॅडम. मराठी एकदम मस्त येतं याच्यात." तिनं मला उघडून दोन ओळी झरझर लिहून दाखवल्या.

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसल्या. "चेतना, हे मोबाइलवर लिहितात तसलं मराठी झालं गं. परीक्षेत हे चालत नाही. तिथं प्रत्येक मराठी अक्षराची स्वतःची कळ असते, टाइपरायटरपासून चालत आलेली. इंग्रजीचा तिथं काही संबंधच नाही."

"मग ते याच्यात टाकून द्या ना."

त्यांनी खटपट करून पाहिली. मी नकार दिला. मला दुसरं काही येतच नाही.

"याच्यात नाही पडत ते," मॅडम म्हणाल्या. "इकडं बस. यावर लिहून बघ."

चेतना मोठ्या संगणकापुढे बसली. डोळे कागदावर ठेवून तिनं सवयीनं बोटं चालवली. पडद्यावर जे उमटलं ते कुठल्याच भाषेत नव्हतं. तिनं पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. आखडून धरायची सवय लागलेली तिची बोटं त्या रुंद कळांवर मधल्यामध्येच पडत होती. आजूबाजूच्या पोरी धडाधड लिहीत होत्या आणि ती एकेक अक्षर शोधत होती.

"मॅडम, पुढच्या रविवारपर्यंत होईल?"

सुलक्षणा मॅडमना खोटं बोलता आलं नाही. "रोज ये," एवढंच त्या म्हणाल्या.

तो आठवडा मी विसरू शकत नाही. मिथुन मला घेऊन दुकानात धावला. काळा संगणक केव्हाच विकला गेला होता. दुकानदार म्हणाला, "मी विचारलं होतं ना तुम्हाला? तुम्हीच म्हणालात, घरात वापरायचाय." इकडं चेतनानं खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्या मोठ्या कीबोर्डच्या कळा आखल्या, त्यावर अक्षरं लिहिली आणि तो पुठ्ठा पाटावर ठेवून ती त्यावर बोटं मारत बसायची. पुठ्ठ्यावर काही उमटत नाही, त्यामुळे चुकलं की बरोबर आलं हे तिला कळायचं नाही. संध्याकाळी क्लास गाठायची आणि घरी परतायची तेव्हा तिच्यात बोलायचंही त्राण नसायचं. मी शेजारी मिटून पडलेला असायचो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

परीक्षा झाली. घरी येऊन ती भिंतीला टेकून बसली. धोंडिरामांनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"मामा, अक्षरं पाठ होती," ती म्हणाली. "पण बोटं जुन्याच जागी जात होती. मी त्यांना सांगत होते आणि ती ऐकत नव्हती."

"होईल गं वहिनी, काठावर तरी होशील," मिथुन म्हणाला.

ती काठावरही झाली नाही. निकाल लागला, मुदत संपली आणि कचेरीतून हुकूम आला. मिथुननं मला फळीवरून खेचून जमिनीवर आपटायला उचललं, तेव्हा चेतनानंच त्याचा हात धरला. "त्याला काय कळतंय भावजी?" ती म्हणाली. "तो जसा आहे तसा आहे. मला विचारायला हवं होतं तुम्ही. एकदा तरी." मग ती इतकी रडली की शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यानंतर मला टॉवेलाखाली ठेवलं गेलं आणि पुन्हा कोणी उघडलं नाही.

मित्रांनो, मला दोन शब्द सांगू द्या. माझ्यासारखं यंत्र वाईट नसतं, ते एखाद्या कामासाठी बनलेलं असतं. त्याची चमक, त्याचा लहान आकार, पडद्यावर उमटलेले दोन लाडके शब्द बघून भुलू नका. घरात कुणासाठी संगणक आणाल, तर आधी त्या माणसाला दुकानात न्या. तिची बोटं कळांवर ठेवून बघू द्या. तिला जे काम करायचंय, ते तिथंच करून बघू द्या. त्यात कमीपणा काही नाही. मोठ्यांनी लहानांना विचारावं, पुरुषांनी बायकांना विचारावं. न विचारता केलेल्या मायेची किंमत ज्याच्यावर माया करता त्यालाच मोजावी लागते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

हे आजच सांगायचं कारण असं की, उद्यापासून चेतना सफाईच्या कामावर रुजू होते आहे. आज सकाळी धोंडिरामांनी तिला दारापुढच्या बोळात उभं केलं. टॉवेल थोडा सरकला होता, त्यामुळे मला दिसत होतं. त्यांनी तिला नाकातोंडावर फडकं कसं बांधायचं ते दाखवलं, धूळ आत जाऊ नये म्हणून गाठ मागे कुठं मारायची ते दाखवलं. मग झाडूचा दांडा तिच्या हातात दिला.

"कमरेत वाकू नकोस," ते म्हणाले. "प्रबुद्ध वाकायचा. दांडा उंच धर, खांद्यातून ओढ. वारा पाठीमागनं येईल असं उभं राहा."

चेतनानं फडकं बांधलं, दांडा उंच धरला आणि खांद्यातून ओढला. तिला ते लगेच जमलं. म्हातारा तिच्याकडे बघत उंबऱ्यावर बसला. ती बोळाच्या टोकापर्यंत झाडत गेली, एकदाही न चुकता.