मिरच्यांचा ठसका

परभणीच्या कृषी विद्यापीठानं सहा महिन्यांसाठी जर्मनीला पाठवलेली आमची ऋतुजा तिकडं तापानं फणफणली होती. तिथल्या डॉक्टरनं म्हणे गुरुवारी बोलावलं होतं. ताप काय गुरुवारपर्यंत दम धरतो? इथं पूर्णेत असती तर स्कूटरवर मागं बसवून तडक दवाखान्यात नेली असती. आता नुसता मोबाइल हातात धरून बसलो होतो.

"आई, मला घरी यायचंय," ती व्हिडिओवर रडायली.

माझी बायको वैजयंती उठली. मुठीत मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या घेऊन ती मोबाइलवरून ओवाळायला लागली.

"अगं, फोनची दृष्ट काढायलीस का?" मी खेकसलो.

"तुमी गप बसा. मिरच्या जाळून ठसका न्हाई लागला, तर दृष्टच होती म्हणायचं. उतरंल ताप. लागला, तर दुखणं खरं हाय."

तिनं मूठ तापलेल्या तव्यावर टाकली. धूर सरळ माझ्या घशात शिरला. मी टॉवेल तोंडावर दाबून धरला. वैजयंतीनं पदर नाकाला लावला, पण तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायलं होतं.

"पप्पा, ठसका लागला का?" ऋतुजानं बारीक आवाजात विचारलं.

तोंड उघडलं असतं तर तिला कळलंच असतं. मी टॉवेल बाजूला केला, श्वास रोखला आणि नुसती नकारार्थी मान हलवली.

"मग बरं," ती म्हणाली, आणि तिकडं, धुराचा पत्ता नसलेल्या खोलीत, तिलाच खोकल्याची उबळ आली.