पेल्हमसाहेबांचा नंबर

ऑल्डरविकच्या चौकाचा कायापालट करायला घेतला आणि चौकातला बाजारच उठला. किती दिवस नुसतं खोदकाम. नवी फरशी आली, जमिनीतून उडणारी कारंजी आली, गावाबाहेर नव्या घरांच्या ओळी आल्या. भाजीवाले, मासेवाले मात्र गेले. उरली एकटी मेरियल ट्रॉटर, चीजवाली.

आमच्या बाजाराला कुठल्याशा जुन्या राजाची सनद आहे. अट एकच. दर बुधवारी बाराच्या आत चौकात काहीतरी विकलं गेलं पाहिजे. एक बुधवार हुकला की बाजाराचा हक्क संपला. मग तिथं फ्लॅट बांधायला बिल्डर मोकळा आणि मेरियल कायमची घरी.

नव्या चौकाचं उद्घाटन नेमकं बुधवारी ठेवलं. महापौरबाईंचं भाषण संपेपर्यंत स्टॉल उघडायचा नाही असा हुकूम, आणि भाषण काही संपेना. शेवटी मेरियलनं कापड उचललं तेव्हा बारा वाजत आले होते. सगळं गाव रांगेला लागलं.

पण पहिला नंबर बिल्डरच्या माणसाचा, पेल्हमचा. भाषण चालू असतानाच त्यानं जागा धरली होती.

त्यानं एक तुकडा चाखला. जरा खारट वाटतं म्हणाला. दुसरा मागितला. तो चघळत आभाळाकडे बघत बसला.

त्याचा डाव सगळ्यांना कळला होता. मागे पाद्रीबाबा पैसे मुठीत धरून उभे. डॉक्टर दोनदा खाकरले. आमच्याकडे ही जवळपास मारामारीच. पण नंबर पेल्हमचा होता, त्याला कोण काय करणार?

तेवढ्यात महापौरबाईंनी बटण दाबलं आणि कारंजी थेट रांगेच्या पायाखालून उडाली. लोकांनी छत्र्या उघडल्या. जागचं कोणी हललं नाही. पेल्हम नखशिखांत भिजला.

"आणि ते निळ्या बुरशीचं चीज कसलं हो?" त्यानं विचारलं.

चर्चचं घड्याळ ठोके द्यायच्या आधी करकरतं, तसं करकरलं.

तेव्हा मागून मिस बॅग्शॉ निघाल्या. अर्ध्या गावाला रांगेत उभं राहायला शाळेत त्यांनीच शिकवलेलं. आम्हाला ओलांडून, पाद्रीबाबांना ओलांडून त्या थेट पुढे गेल्या आणि मेरियलच्या हातावर नाणं ठेवलं.

"कुठलंही दे गं. लवकर."

"अहो मिस, माझा नंबर आहे," पेल्हम म्हणाला.

"माहीत आहे मला." त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

तुकडा त्यांच्या हातात पडला आणि मग पहिला ठोका पडला.

बाजार वाचला. भाजीवाले परत आले, मागोमाग मासेवालेही. मिस बॅग्शॉंच्या आभाराचा ठराव आला तेव्हा सगळ्यांचे हात वर झाले. फक्त आता त्या रांगेत मागे येऊन उभ्या राहिल्या की पुढचा माणूस कोपर जरा बाहेर काढून उभा राहतो. पाद्रीबाबा तर दोन्ही.